डब्यावरचा मी

सोमवार, ४ मार्च

आज पुन्हा! आणि तेही दातांच्या डॉक्टरांकडे! मी खुर्चीत आडवा, तोंड आ वासलेलं, त्यात डॉक्टरांची दोन बोटं आणि एक आरसा – तेवढ्यात आई बाहेरच्या बाकावरून उठून आत आली आणि म्हणाली, "डॉक्टर, ओळखलंत का याला? दुधाच्या पावडरच्या डब्यावरचं बाळ!" डॉक्टरांनी माझ्या दाढांकडे बघत ओळखायचा प्रयत्न केला. मला "आँ" याखेरीज काही म्हणता येईना.

लिहून ठेवतो, म्हातारपणी पुरावा राहील. मी बेचाळीस वर्षांचा आहे. मला मिशी आहे. वजनकाट्याशी माझं सध्या बोलणं नाही. मी लिफ्ट दुरुस्त करतो, आणि चांगल्या करतो. पण आईच्या लेखी मी अजून त्या पत्र्याच्या डब्यावरच बसलोय – कपाळावर कुरळी बट, हातात चमचा, खाली फक्त लंगोट, आणि मान तिरकी करून हसतोय. ती कंपनी कधीच बुडाली. पण तेव्हा त्यांनी आईला खोकंभर डबे दिले होते, ते काही बुडायला तयार नाहीत. घरात साखर त्या डब्यात, मीठ त्या डब्यात, बटणं, खिळे, सुतळी, सगळं त्याच डब्यांत. कुठलंही फडताळ उघडा, मी लंगोटावर!

शाळेत मला "पावडर" म्हणायचे. अजून म्हणतात. आता तर त्यांची मुलंपण "पावडरकाका" म्हणतात.

मंगळवार, ५ मार्च

ठरलं. आजपासून आईने तोंड उघडायच्या आत आपणच सांगायचं आपण कोण. म्हणजे आत्ता कोण! आरशासमोर सराव केला. "नमस्कार, मी लिफ्ट दुरुस्त करतो." एकदा हसून, एकदा गंभीरपणे. गंभीरपणे म्हटलं की कुठेतरी अपघात झालाय असं वाटतं. हसूनच बरं.

गुरुवार, ७ मार्च

वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेले गृहस्थ जिन्यात भेटले. आई शेजारीच, म्हणून मी घाईघाईने, जवळजवळ ओरडूनच म्हणालो – मी लिफ्ट दुरुस्त करतो! ते दचकले. मग म्हणाले, करा ना मग, बंद आहे म्हणून तर जिन्याने येतोय.

संध्याकाळ त्यातच गेली. फुकट. मी वर गच्चीतल्या मशीनच्या खोलीत ग्रीस चोपडतोय आणि खाली आई त्यांना डबा दाखवतेय.

शनिवार, ९ मार्च

आज एक बाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध. मामा आणि मी गेलो. (मामा म्हणजे माझे जोडीदार. कुणाचेच मामा नाहीत, पण सगळं जग त्यांना मामा म्हणतं.) अशा वेळी आमची कामाची वाटणी ठरलेली. मामा वर जातात, वीज बंद करतात, ब्रेक सोडून चाक हाताने फिरवतात. मी दाराशी उभा राहून आतल्या माणसाशी बोलतो. त्यातही मामांचा एक नियम आहे. अडकलेल्या माणसाला फक्त आत्ताचं सांगायचं. मागच्या महिन्यात कोण किती वेळ अडकलं, ही लिफ्ट पूर्वी कितीदा बिघडली – एक अक्षर नाही! मी कोण, आत्ता काय करतोय, आत्ता काय होतंय. बस. माणूस शांत राहतो.

तर मी दाराला तोंड लावून म्हणालो, "मी लिफ्टवाला. इथेच उभा आहे. घाबरू नका."

आतून आवाज आला, "मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. मीपण इथेच उभी आहे."

चाक जाम झालं होतं, मामांना बराच वेळ लागला. आम्ही बोलत होतो. ती आत अंधारात काय करतेय, तर बोटांनी बटणं मोजतेय. मी बाहेर काय करतोय, तर तिच्यासाठी पाण्याची बाटली धरून उभा आहे आणि मला स्वतःलाच तहान लागलीय. ती म्हणाली, प्या थोडं. मी प्यायलो. म्हणाली, सगळं पिऊ नका.

शेवटी दार उघडलं. ती बाहेर आली, चष्मा पुसून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, आवाजावरून बारीक वाटला होतात.

मी म्हणालो, तुम्ही आवाजावरून उंच वाटला होतात.

हे का बोललो मी? गाढव!

मंगळवार, १२ मार्च

डोळे तपासायला गेलो. अगदी शेवटची बारीक ओळपण धडाधड वाचली. जरा अडखळायला काय झालं होतं! ती म्हणाली, नजर उत्तम आहे, इथे कशाला आलात? मी म्हणालो, खात्री केलेली बरी.

गुरुवार, १४ मार्च

पुन्हा गेलो. नजर अजून उत्तम आहे. नशीबच फुटकं.

शुक्रवार, १५ मार्च

आज तीच म्हणाली, दर वेळी डोळेच कशाला पुढे करता, चहाला चला म्हणायचं सरळ. गेलो. ती चाळीस वर्षांची आहे, एकटी राहते, आणि समोरच्याचा चष्मा वाकडा असेल तर हात पुढे करून सरळ करते. चहावाल्याचापण केला. मला "लिफ्टवाले" म्हणते. "लिफ्टवाले, साखर?" असं.

घरी येताना एकदम लक्षात आलं. सबंध जगात हे एकच माणूस आहे ज्याला डब्याची भानगड माहीत नाही. तिच्यासमोर मी फक्त आत्ताचा आहे. इतकं हलकं वाटलं की जिन्यात शीळ घातली. वरचे गृहस्थ म्हणाले, काय, बाळ आज खुशीत दिसतंय!

सोमवार, १८ मार्च

मामांनी घात केला! आई बाजारात भेटली आणि मामांच्या पोटात काही राहिलं नाही. घरी आलो तर आई दारातच. कोण ती, कुठली ती, चष्मा आहे का तिला – मी म्हटलं, दुकानच चष्म्याचं आहे. रविवारी घेऊन ये म्हणाली.

मी आईला समोर बसवलं. हात जोडले. म्हटलं, आई, आजवर तुला कधी अडवलं नाही. पण तिच्यासमोर डब्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. ती मला मी म्हणून ओळखते, तेवढं एक राहू दे मला.

आई म्हणाली, बरं.

नुसतं बरं! आई इतक्या सहज "बरं" कधीच म्हणत नाही.

रविवार, २४ मार्च, दुपार

आई देवळात गेल्याची संधी साधून घरातले सगळे डबे पोत्यात भरले आणि आमच्याच इमारतीच्या मशीनच्या खोलीत नेऊन ठेवले. मोटारीशेजारी. वाटेत वरचे गृहस्थ भेटले. पोतं खडखडत होतं. म्हणाले, लिफ्टचे सुटे भाग का? मी म्हटलं, हो, माझेच.

रविवार, २४ मार्च

दिवस संपला एकदाचा. सगळं लिहितो.

ती वेळेवर आली. आईने नवी साडी नेसली होती आणि तोंड असं घट्ट मिटलं होतं की मलाच घाम फुटला. मी मोठ्या आवाजात ओळख करून दिली – ही आई, या डोळे तपासतात. आईने मान हलवली. छान चाललं होतं! मग आई चहा करायला आत गेली आणि आतून फडताळं उघडल्याचे, आपटल्याचे, पुन्हा उघडल्याचे आवाज यायला लागले.

साखर! साखर मशीनच्या खोलीत होती. पोत्यात.

चहा अगोड आला. पाहुणी बिचारी एक घोट घेऊन छान आहे म्हणाली. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीत गेलो. मग ती उठली, स्वतःच्या कपाटापाशी गेली, साड्यांच्या मागे हात घातला आणि तिच्या गोळ्या ठेवायचा डबा काढला. तो माझ्या ध्यानातच नव्हता! काही न बोलता तो तिने पाहुणीच्या पुढ्यात ठेवला. चित्र तिच्याकडे करून. मग जागेवर बसली आणि पदर सारखा केला.

"आई!" मी म्हटलं.

"मी बोलले का काही?" आई म्हणाली.

पाहुणी डबा हातात घेऊन बघत राहिली. चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा डब्याकडे. आईचा चेहरा असा फुललेला! मी ते बाळ आहे हे सांगायची गरजच नव्हती, आईच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पाहुणी एवढंच म्हणाली, गोड आहे बाळ. आणि जरा वेळाने निघाली. खाली सोडायला गेलो तर जिन्यात एकदाही "लिफ्टवाले" म्हणाली नाही.

संपलं. आता तिच्यासाठीपण मी पावडर.

सोमवार, २५ मार्च

फोन नाही.

मंगळवार, २६ मार्च

फोन नाही. डबे परत आणले. मिठाला ग्रीसचा वास येतोय.

मामा म्हणतात, अरे, तिने काय ते तोंडाने सांगेपर्यंत तू आपला कशाला मेल्यासारखा करतोस? खरं आहे. पण माझं तोंडच गेलं. आज एका इमारतीत दोन म्हातारे अडकले होते आणि मी दाराशी गप्प उभा! शेवटी आतूनच विचारलं, बाहेर आहे का कुणी?

बुधवार, २७ मार्च

गेलो दुकानात. गिऱ्हाईक नव्हतं. तिने मला खुर्चीत बसवलं, एक चौकट काढून माझ्या नाकावर चढवली आणि काड्या कानांमागे नीट बसवल्या. मग कान बघत राहिली. डावा, मग उजवा. मला वाटलं आता बोळवण करणार, म्हणून कान धरलेत.

म्हणाली, रविवारपासून विचार करतेय सांगावं की नाही. मी दिवसभर लोकांचे कानच बघते, त्याला इलाज नाही. डब्यावरच्या बाळाच्या कानाची पाळी खाली सुटी लोंबतेय. तुमची गालाला चिकटलेली आहे, दोन्हीकडे. माणूस वाढतो, जाड होतो, मिशी ठेवतो. पाळी अशी बदलत नाही.

"ते बाळ तुम्ही नाही," ती म्हणाली.

मी आधी हसलो. खूप हसलो. चौकट पडली नाकावरून. मग एकदम रिकामं वाटायला लागलं. ज्या लंगोटातल्या ठोंब्यावर आयुष्यभर चिडलो तो मी नव्हतोच! मग आता माझ्याजवळ राहिलं काय? नाही म्हटलं तरी तेवढीच एक गोष्ट होती बढाई मारण्याजोगी. ती मारली नाही कधी, पण होती!

तिला विचारलं, तुम्हाला वाईट वाटलं का? माझ्या जागी तो असता तर बरं झालं असतं का?

तिने चौकट उचलली, पुसली, जागेवर ठेवली. "मी त्याला कुठे ओळखते?" ती म्हणाली. "मी लिफ्टवाल्याला ओळखते. तीन दिवस फोन केला नाही, कारण ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती. चहाला येताय का?"

गेलो. रस्ताभर तिचा हात धरला होता. धरला आणि सोडायचं विसरलो! चहावाला बघत होता. बघू दे.

पुढच्या रविवारी तिच्या घरच्यांना भेटायचंय. ती म्हणाली, ओळख तुमची तुम्हीच करून द्या, मी मधे बोलणार नाही.

गुरुवार, २८ मार्च

सकाळी आई गोळ्या घेत होती. मी समोर बसलो आणि चिडायचं नाही असं ठरवून विचारलं. कानांचं सांगितलं. तिने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. म्हणाली, फोटोच्या दिवशी तू रडून रडून निळा झाला होतास. दहा-बारा आया आल्या होत्या, त्यांनी भलतंच एक बाळ उचललं आणि आम्हा बाकीच्यांना नंतर छापील डब्यांची खोकी पाठवून दिली. त्या दिवशी घरी आले तर तुझी आजी दारात, मागे सगळी गल्ली, आणि तू माझ्या खांद्यावर, रडं थांबून नुकता कुठे हसायला लागलेला; निवडला ना म्हणून सगळ्यांनी विचारलं, मला नाही म्हणवेना. मी आईला म्हटलं, तूच ना मग, आजवर सगळ्यांना सांगत राहिलीस, डॉक्टरांना, जिन्यातल्यांना, सगळ्यांना!

"मग?" आई म्हणाली. "त्यांनी चुकीचं बाळ निवडलं. मी आपली दुरुस्त करून सांगत होते."