देवस्थळींना दार उघडत नाही

विकास नगर, लखनौ
जानेवारी २०१८

ती. यमुनाआत्यास,

प्रणवचा रजईतूनच साष्टांग नमस्कार. (बाहेर असं धुकं आहे की नमस्काराला उठलो तर परत पलंग सापडायचा नाही. आशीर्वाद मात्र पूर्ण दे.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला गेला का? इथे आई बरी आहे. बाबाही बरे आहेत, असं आईकडून कळतं. मी इंजिनियरिंग मध्येच सोडल्यापासून ते एअरफोर्सची ड्यूटी करून बख्शी का तालाबहून घरी येतात आणि मला जे सांगायचं ते माझ्यासमोर आईला सांगतात.

आता तुझ्या कानावर आलंच असेल की मी एका मोठ्या माणसाला थंडीत ऑफिसबाहेर उभं केलं. आलं ते खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. हा मोठा माणूस म्हणजे डॉ. चंद्रकांत देवस्थळी, कराडला तुमच्याच आळीत वाढलेले, अलीगंजातल्या एका बियाणं-प्रयोगशाळेचे प्रमुख आणि (हे काकांना ऐकू जाणार नाही असं वाच) उत्कर्षाचे वडील. उत्कर्षा त्याच प्रयोगशाळेत नुकतीच लागली आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देते, आणि देते तेव्हा मला दोन्ही भाषा येईनाशा होतात.

तर झालं असं, की या प्रयोगशाळेत कोणीही उठून आत जायचं. विम्याचे एजंट, खारी मठरी विकणारा, कोणाचा तरी मेहुणा. शेवटी डॉक्टरांनी प्रयोगासाठी जपलेल्या मटाराच्या शेंगाच कोणीतरी सोलून खाल्ल्या. इथल्या थंडीत मटार दिसला की माणसाला राहवत नाही, पण ही डॉक्टरांची कित्येक वर्षांची मेहनत होती. मी हल्ली काम करतो त्या कॅमेऱ्यांच्या दुकानाला बोलावणं आलं आणि चेहरा ओळखून दार उघडणारा कॅमेरा बसवायला मी गेलो. डॉक्टरांनी मला नखशिखान्त न्याहाळून सगळ्यांदेखत बजावलं, "ज्याला कॅमेरा ओळखत नाही तो आत जाणार नाही. मी असलो तरी."

आत्या, त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटला तो काय सांगू! मी कॉलेज सोडलं ते याच्याच उलट गोष्टीवरून. आमचे सर उशिरा येणाऱ्यांना वर्गाबाहेर ठेवायचे आणि स्वतः चहा संपवून यायचे. मी एक दिवस त्यांनाच दाराशी अडवलं. पुढचं तुला माहीत आहे.

कॅमेऱ्यात चेहरे भरताना एकेकाला समोर उभं करा, असं मी सांगितलं होतं. पण ऑफिसातल्या मधुमतीबाई म्हणाल्या, साहेबांना वेळ नाही, सर्व्हिस फायलीतले फोटो घ्या. बाकीच्यांचे फोटो अलीकडचे. डॉक्टर मात्र नोकरीला लागले तेव्हाचे फायलीत बसलेले: सडपातळ, मिशी नाही, मानेपर्यंत केस.

पहिल्याच सकाळी डॉक्टर कानटोपी, मफलर असे आले आणि भोंगा वाजला. कानटोपी काढली, भोंगा. चष्मा काढला, भोंगा. वर्षानुवर्षं त्यांना सलाम ठोकणारा चौकीदार रामसजीवन किल्ली घेऊन धावला, तर मी मध्ये उभा राहिलो. नियम त्यांचाच होता. डॉक्टर माझ्या शिक्षणाबद्दल मराठीत बरंच बोलले आणि रामसजीवनलाही समजावं म्हणून तेच हिंदीत बोलले. माझंही डोकं फिरलं. म्हटलं, तुमचा शब्द तुम्हीच मोडणार असाल तर कॅमेरा काढून नेतो, खा मटार.

एवढ्यात धुक्यातून उत्कर्षाची स्कूटी आली. तिचा फोटो अजून चढवायचाच होता. (तो मी नीट, वेळ घेऊन काढणार होतो.) तिने हेल्मेट काढलं, केस मोकळे झाले आणि हिरवा दिवा लागला. मशीन बोललं, "स्वागत है, डॉक्टर देवस्थळी." आणि दार उघडलं.

मग ती म्हणाली, "पापा, ये मशीन मुझे आप समझ रही है."

डॉक्टर पडद्यावरचा आपला फोटो बघत राहिले. मग लेकीकडे बघितलं. "तेव्हा केस होते," एवढंच म्हणाले आणि तिच्या मागून आत गेले. दुपारी माझ्यासाठी चहा आला. (बाहेर आला. आत ये म्हणाले नाहीत.) पण तेव्हापासून एकही आगंतुक आत गेलेला नाही आणि मटार शेंगांनी लगडलाय. हा विजय नाही तर काय!

सर्वांना नमस्कार, छोट्यांना पापे.

तुझा (शब्दाला जागणारा) भाचा,
प्रणव

ता. क. डॉक्टर अजूनही लेकीच्या मागूनच आत जातात. नवा फोटो चढवायलाही प्रमुखांच्या चेहऱ्याची परवानगी लागते आणि प्रमुखांचा चेहरा सध्या उत्कर्षाकडे आहे.

आणखी ता. क. मला दारातच येऊ देऊ नये, असं त्यांनी मशीनला सांगून पाहिलं. भोंगा वाजला. ते गेल्यावर उत्कर्षा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, माझं नाव भरलं, आणि मुदतीच्या जागी 'कायम' असं लिहिलं. म्हणजे मशीनच्या हिशेबी डॉ. देवस्थळींनी मला पसंत केलेलं आहे. आता ही गोष्ट फक्त डॉ. देवस्थळींना कळवायची राहिली आहे. ते तू इथे येऊन कर. आळीतली माणसं तुझं ऐकतात.

शेवटचा ता. क. येण्याआधी तुझा एक फोटो पाठव. आजचा पाठव, लग्नातला नको.