पक्की केलेली नावं

खंडेनवमी, संध्याकाळ

दुष्काळात ऊस वाळला, तरी चेअरमनसाहेबांनी झेंडू कुठून आणला कोण जाणे. कारखान्याच्या कॉम्प्युटरचीही पूजा हवी, म्हणून दोन्ही डिस्कचे डबे पुसायला बाहेर काढले. हळदीकुंकू वाहून स्टोअरकीपर कदमनं वायरी खोचल्या, त्या उलट्या. मशीन वायर बघून नाव देतं. त्यामुळे जुन्या नकलेची डिस्क पहिली झाली आणि सभासदांच्या हिशेबाची ताजी डिस्क दुसरी. रोज रात्री पहिलीवरचं सगळं दुसरीवर उतरतं. मी वेळीच ओळखलं, नाहीतर जुनं उतरून ताजं सगळं पुसलं गेलं असतं.

साहेब म्हणाले, "तुमच्याबिगर ह्याला कुणी हात लावायचा न्हाय. उद्याची रजा ऱ्हाऊ द्या."

उद्या माकणीला माझ्या पहिल्या नातवाचं बारसं आहे.

मग मी डब्यांमागच्या बारीक पिना बदलल्या. आता वायर कुठलीही लावा, डबा आपलं नाव सोडत नाही. मुद्दाम वायरी उलट्या लावून दाखवलं. हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मीच शोधून काढलं. कदम हसला. "अण्णा, आता माझ्या हातूनबी चुकायचं न्हाय. जावा तुम्ही."

साहेबांनी डब्यावरचा झेंडू सारखा केला. "लई बेस. असा माणूस सणाच्या दिवशी सोडायचा कसा?"

रजा गेलीच. आतून सुखावलोसुद्धा, हेच खुपतंय.

घरी आलो तर ही झबलं पिशवीत भरत होती. माझ्या बाहीला झेंडूची पाकळी चिकटलेली, ती तिनंच काढली. उद्या ती एकटीच जाईल. पोराचं नाव काय ठेवलं, ते मला परवा कळेल.