तारेच्या अलीकडचा दगड

१५ जानेवारी, गुरुवार

सापडला! खरंच सापडला!

रायसेन रोडच्या पुढे, हरभऱ्याच्या शेताच्या बांधावर. मुठीएवढा, वरून काळाकुट्ट — चुलीत विसरून राहिलेल्या बटाट्यासारखा. लोहचुंबक टपकन चिकटलं. स्कूटर चालवताना उदयची सारखी बडबड — "लोक संक्रांतीचा तिळगूळ वाटताहेत, आणि आमची बायको दगड वेचते!" दगड हातात दिल्यावर मात्र तोच उलटसुलट करून बघत बसला.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी ती हिरवट आग आकाशातून गेली, ती माझ्या गच्चीवरच्या कॅमेऱ्यात आली होती. पण एका कॅमेऱ्यावरून दगड कुठे पडला ते कळत नाही, दोन लागतात. दुसरा फरहत आपांचा. त्या बहावलपूरला असतात — पाकिस्तानात. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. उल्का बघणाऱ्यांच्या ग्रुपवर ओळख झाली. त्यांची नानी भोपाळची, म्हणून माझ्याकडे तलावाचे फोटो मागत असतात. त्यांच्या छतावरून अगदी खाली, क्षितिजाला टेकलेली तीच रेघ दिसली होती. दोघींनी मिळून गणित मांडलं आणि ते बरोबर आलं!

बांधावरूनच त्यांना फोटो आणि लोकेशन पाठवलं. "मुबारक हो बाजी!" — लगेच उत्तर. बाजी म्हणजे ताई, मला त्या तसंच म्हणतात. मी त्या शेतात उभी राहून चक्क रडले. बरखेड्याच्या शाळेतली विज्ञानाची बाई मी. मला काय माहीत असं काही माझ्या हाताला लागेल!

१६ जानेवारी

उदयला रात्रभर एकच टोचत होतं. बांधाला लागूनच लष्कराच्या जागेची काटेरी तार आहे. दगड तारेच्या अलीकडे होता, पलीकडे नव्हे. पण हे कुणाला पटवणार?

"आपणहून कळवून टाक. स्वरदाचं व्हेरिफिकेशन चालू आहे, भानगड नको." स्वरदा आमची एकुलती एक. पुण्याला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत निवड झाली आहे, फक्त पोलीस चौकशी राहिली आहे. आणि उदयची सगळी नोकरी सरकारी कारखान्यात गेलेली! अर्ज करावा, त्यावर आवकचा शिक्का घ्यावा, की माणूस सुटला — हा त्याचा धर्म.

गेलो छावणीत. फाटकावरचा जवान हसला — "मैडम, पत्थर जमा कराने आई हैं?" आतले मेजरसाहेब आधी हसतमुख होते. नकाशावर जागा दाखवली तेव्हा हसायचे थांबले. "दगड आमच्याकडे राहू द्या. तज्ज्ञांना दाखवतो," असं काहीसं हिंदीत म्हणाले.

परत येताना स्कूटरवर एकदम आठवलं — ते लोकेशन मी पाठवलं आहे. कुठे पाठवलं आहे!

उदयला बोलले नाही. जेवणही गेलं नाही.

१७ जानेवारी

दार वाजलं की आधी खिडकीतून बघते. आज दूधवालाच होता.

१८ जानेवारी, रविवार

आमच्याकडे हळदीकुंकू. हॉलमध्ये बायका, शेजारच्या शालिनीताई उखाणा घेत होत्या — आणि खाली जीप थांबली.

मेजरसाहेब आणि साध्या कपड्यांतला एक माणूस. उदयने त्यांना आतल्या खोलीत नेलं. साध्या कपड्यांतला भिंतीवरच्या तारांगणाच्या तक्त्याकडे बघत राहिला. मग सहज विचारल्यासारखं — "लोकेशन किसी को भेजा था, मैडम?"

मी म्हटलं, "ग्रुप पर फोटो डाला था... याद करके बताती हूँ।" खोटं नव्हे, पण खरंही नव्हे. तो म्हणाला, "आराम से याद कीजिए।" 

बाहेर येऊन वाण द्यायला लागले तर शालिनीताईंना दोनदा दिलं. "वसुधाताई, काय हो झालं?" काही नाही म्हटलं. सगळ्या भराभर निघून गेल्या. उद्या साऱ्या बरखेड्याला कळलेलं असेल.

१९ जानेवारी

सांगितलं उदयला. तो ओरडला नाही, म्हणून जास्त भीती वाटली.  मग म्हणाला, "पुसून टाक सगळं."

स्वरदाचा फोन. उदयनेच तिला कळवलं होतं. "आई, तू लष्कराच्या कुंपणाचं लोकेशन पाकिस्तानात पाठवलंस? तुला समजतंय का मम्मा, मेरा पूरा करिअर..." रडायला लागली. पोरीने किती वर्षं मान मोडून अभ्यास केला, आणि मी एका दगडापायी! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुसणार नाही. पुसलेलं सापडलं तर मग खरोखर गुन्हेगार ठरेन. उद्या जाऊन सगळं सांगणार.

पण मग फरहत आपांचं नावही येणार. त्यांना न सांगता ते कसं करू? लिहिलं त्यांना — मैं यहाँ आपका नाम बताऊँगी. तुम्हीसुद्धा तिकडे कुणी विचारायच्या आत आपणहून सांगून टाका. लपवाल तर संशय येईल. साँच को आँच नहीं.

 रात्री उशिरा उत्तर आलं — "डर तो लग रहा है बाजी. मगर आप कहती हैं तो ठीक ही होगा. कल ही जाती हूँ."

बरं वाटलं. दोघी एकदम सांगू, एकदम मोकळ्या होऊ.

२० जानेवारी

सांगितलं. मेजरसाहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. साध्या कपड्यांतला लिहीत होता. फरहत आपांचं वय, नानी, कॅमेरा कुठल्या दिशेला — सगळं. मी उल्कापाताचं गणित समजावायला लागले, फळ्याशिवाय!  फोन ठेवून घेतला त्यांनी.

घरी येऊन देवापुढे बसले. मागायचं काय तेच सुचेना.

२२ जानेवारी

छावणीकडून काही निरोप नाही.

२४ जानेवारी

कोपऱ्यावर एक मोटारसायकल उभी असते. कालही होती. उदय म्हणतो, "सव्वीस जानेवारी आलीय, बंदोबस्त असतो." मग तोच पडदा सारून बघतो.

बिट्टन मार्केटात शालिनीताई भेटल्या, मेथी निवडत होत्या. मला पाहून जुडी तशीच टाकून दुसऱ्या ठेल्याकडे वळल्या. घरी येऊन खूप रडले. कर नाही त्याला डर कशाला, असं मुलांना वर्गात शिकवते मी. उद्यापासून कुठल्या तोंडाने शिकवू?

२७ जानेवारी, मंगळवार

सुटलो! सुटलो!

छावणीतून बोलावणं आलं तेव्हा उदयने मुकाट्याने रक्तदाबाची गोळी घेतली. तिथे मेजरसाहेबांनी चक्क चहा मागवला. दगड खरा आहे! तज्ज्ञ म्हणाले, उल्केचाच. पुढच्या तपासणीला गेला आहे, कागदावर "शोध लावणारी" म्हणून माझं नाव. "अगली बार पहले हमें, बाद में दुनिया को," एवढंच बोलले. फोन परत दिला.

आणि संध्याकाळी स्वरदाच्या चौकशीचा हवालदार! पोहे खाल्ले, दोन सह्या घेतल्या, "बिटिया को बधाई" म्हणून गेला. फोनवर लेक हसत होती, किती दिवसांनी. उदयने पेढे आणले. मी स्वतः जाऊन शालिनीताईंना दिले, नाक वर करून!

फोन चार्जिंगला लावला आहे. पार मेला होता. सकाळी फरहत आपांना लिहीन — बघा, म्हटलं नव्हतं?

२८ जानेवारी

फोन सुरू केला. त्यांच्या नंबरवरून एक मेसेज, बावीस तारखेचा. फोन छावणीत असतानाच कुणीतरी उघडून वाचलेला.

"मैं फरहत साहिबा की बेटी हूँ. अम्मी आपके कहने पर ख़ुद बताने गई थीं. वापस नहीं आईं. कोई कुछ बताता नहीं. ख़ुदा के लिए अब इस नंबर पर कुछ मत लिखिएगा."

त्यांना भीती वाटत होती. तसं लिहिलंही होतं त्यांनी. मीच त्यांना पाठवलं.