आईची बस घाट चढावी म्हणून

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली

तीर्थरूप गुलाबरावमामांना धम्मदीपचा सविनय जयभीम. मामींनाही सांगावा.

आम्ही सगळे इथे ठीक आहोत (दिल्लीच्या हवेत 'ठीक' या शब्दाचा जेवढा अर्थ उरतो तेवढाच घ्यावा). मामींच्या गुडघ्याचं काय झालं? वैद्याचं तेल आणि डॉक्टरची गोळी यांच्यातलं भांडण मिटलं की नाही, ते सविस्तर कळवावं. तुमची तब्येत विचारत नाही, कारण तुम्ही ती कधीच खरी सांगत नाही.

तुम्ही मागच्या आठवड्यात फोनवर जे बोललात त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. नागपूरचा फोन आला की आई शेजारी येऊन बसते, आणि तुमचा आवाज असा आहे की फोन माझ्या कानाला असला तरी बातमी तिच्या कानात जाते. 'लीलाला या वयात कॉम्प्युटरचा नाद लागला म्हणे, तिचं चित्त ठिकाणावर नाही, तिला इकडे पाठवून दे,' हे वाक्य तिने पूर्ण ऐकलं आहे. त्या दिवशी वरणाला फोडणी जरा जोरात बसली. म्हणून म्हटलं, तुम्हाला सगळं पहिल्यापासून लिहूनच कळवावं, म्हणजे तुमचा गैरसमज जाईल आणि माझ्यावरचा रागही थोडा उतरेल.

बाबा गेल्यावर मी आईला इथे आणलं, तेव्हा मला वाटलं होतं की ती रमेल. मामा, ती रमली नाही. दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून उभी राहिलेली बाई. तिला इथे बसायला लावलं की ती बसल्याबसल्या म्हातारी होऊ लागली. मी आणि समता ऑफिसला गेलो की ती खिडकीशी बसायची. खिडकीतून दिसतं काय, तर शेजारच्या क्वार्टरची पाण्याची टाकी. शेजारच्या मिसेस भल्ला तिला कीर्तनाला बोलवायला आल्या, तर ही त्यांचं ब्लडप्रेशर बघून मीठ कमी करायला सांगून मोकळी झाली. पुन्हा त्या आल्या नाहीत. संध्याकाळी मी विचारायचो, आई, आज काय केलं? ती म्हणायची, टाकी भरली, मग रिकामी झाली.

मग आमचा मानस इंजिनियरिंगला हॉस्टेलवर गेला आणि त्याचा कॉम्प्युटर इथेच राहिला. तुम्ही तो पाहिलेला नाही. बुटांच्या खोक्याएवढा काळा डबा, पुढून निळा दिवा. शाळेत असताना त्याने तो कोणाकडून तरी जुना घेतला होता, गेम खेळण्यासाठी, आणि तेव्हाच तो डबा आपल्या उमेदीच्या काळातून बाहेर पडलेला होता. आई त्यावरची धूळ पुसायची. एकदा पुसताना तो चालू झाला आणि पडद्यावर आली एक बस. ड्रायव्हरच्या जागेवरून दिसते तशी: समोर काच, खाली स्टिअरिंग, बाजूला आरसा. बस चालवायचाच गेम आहे तो. मी संध्याकाळी घरी आलो तर आई चष्मा लावून ताठ बसलेली, आणि मला म्हणाली, थांब, स्टॉप येतोय.

तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. मलाही वाटलं. पण बाबांनी सगळी हयात एसटीचं स्टिअरिंग धरलं, आणि आई त्यांच्या बसमध्ये कायम मागच्या सीटवर बसली, कारण स्टाफच्या बायकांनी पुढे बसून गप्पा मारू नयेत असा बाबांचा स्वतःचाच नियम. पुढून रस्ता कसा दिसतो हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. मामा, त्या दिवसापासून ती जेवायला लागली. गेममध्ये ती प्रत्येक स्टॉपवर थांबते. लोक चढेपर्यंत दार लावत नाही. कुठलीतरी गोरी म्हातारी काठी टेकत येताना दिसली तर ती वाट बघते, वेळ टळली म्हणून गेम तिचे गुण कापतो, आणि ती गेमला सांगते की काप. (मानस हाच गेम खेळायचा तेव्हा स्टॉप म्हणजे फक्त आडवी आलेली वस्तू असायची.)

अडचण आली घाटाची. त्यात एक घाट आहे, कुठल्या देशातला ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण आई त्याला चिखलदराच म्हणते. सपाट रस्त्यावर डबा कसाबसा चालायचा. घाटात झाडी आली, धुकं आलं की चित्र अडकायचं. नेमकं वळणावर अडकायचं. चित्र पुन्हा हलेपर्यंत बस दरीत. आईने धीर धरून पुन्हापुन्हा प्रयत्न केला. एका दुपारी भरलेली बस खाली गेली तेव्हा तिने चष्मा काढून ठेवला, डबा बंद केला आणि म्हणाली, 'मी माणसं वाचवायची नोकरी केली रे. हे माझ्याच्याने होणार नाही.' दुसऱ्या दिवशी ती परत खिडकीशी. टाकी भरली, रिकामी झाली.

तेव्हा मी ठरवलं की डबा सुधारायचा. नवा घेण्याचा विषय समताने सुरू होण्याआधीच संपवला, मानसची फी हे एवढेच दोन शब्द बोलून. जुन्यात भर घालण्यासाठी तिने मंजुरी दिली ती आमच्या मंत्रालयाच्या रीतीने: मागितलं त्याच्या निम्मं, आणि वर शेरा की पुन्हा मागणी करू नये.

इथे श्रीरंग प्रवेश करतो. हा माझ्या ऑफिसमधला, शेजारच्या टेबलावरचा. त्याच्या आजोबांच्या वेळेपासून करोल बागेत राहिलेला मराठी माणूस. मराठी बोलतो पण हिंदीतून प्रवास करून आल्यासारखं. प्रिंटर अडकला की ऑफिस त्याला बोलावतं, त्यामुळे कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज आहे (प्रिंटर तो थापट मारून सुरू करतो). त्याने डबा उघडला, आतली धूळ पाहून 'अच्छा' म्हणाला आणि निदान केलं: मेमरी वाढवायची, जुनी फिरणारी डिस्क काढून चिपवाली बसवायची, आणि मुख्य म्हणजे ग्राफिक्स कार्ड टाकायचं, म्हणजे चित्र काढण्याचं काम स्वतंत्रपणे करणारी पट्टी. आत्तापर्यंत ते काम बिचारा प्रोसेसरच इतर कामांबरोबर करत होता. पहिल्या दोन वस्तू नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात मिळाल्या. कार्डाचे नवे भाव ऐकून मात्र आम्ही दोघांनी शांतपणे एक-एक प्लेट छोले कुलचे खाल्ले आणि मेट्रोने परत आलो.

मग श्रीरंगने इंटरनेटवर जुनं कार्ड शोधलं. स्वस्त. फक्त ते होतं पानिपतला. मामा, याच्यावर जो विनोद तुम्हाला सुचतोय तो मी करणार नाही, कारण समताने तो जाताना गाडीत केला, टोलनाक्यावर केला आणि परत येताना तिला तो करायची गरजच उरली नाही. रविवार होता, म्हणून आईलाही बरोबर घेतलं. विकणारे गृहस्थ चादरी-ब्लँकेटचे व्यापारी, अगदी सज्जन. त्यांनी आपणहून विचारलं की डबा केवढा आहे, हे कार्ड लांब आहे. मी हाताने माप दाखवणार तेवढ्यात श्रीरंग म्हणाला, 'बिल्कुल जाएगा, भाईसाहब.' त्यांनी पुन्हा विचारलं. श्रीरंग पुन्हा बिल्कुल म्हणाला. आम्ही कार्ड घेतलं, आणि त्यांच्या दुकानात आईने ब्लँकेटं पाहिली, समताने पाहिली, आणि कार्डावर जे वाचवलं ते ब्लँकेटांत गेलं. (एक तुमच्यासाठी आहे. जड आहे, कुरिअरने पाठवणं परवडत नाही.)

तिथून काला अंबला, लढाईच्या स्मारकापाशी गेलो. सांगलीकडची दोन कुटुंबं आली होती, फोटो काढत होती. आई त्या स्तंभापाशी खूप वेळ उभी राहिली. मला वाटलं तलवारी-भाल्यांचा विचार करत असेल. तर म्हणाली, 'एवढी माणसं इतक्या लांब आली, यांच्यात रस्ता माहीत असलेला कोण होता?' श्रीरंग तेव्हा मोबाइलमध्ये घरचा रस्ता शोधत होता, तोही चुकीच्या दिशेने.

घरी येऊन कार्ड डब्याला लावून पाहिलं. ते चार बोटं बाहेर राहिलं. तिरकं करून पाहिलं, डिस्क काढून पाहिली, श्रीरंगने डब्याकडे असं पाहिलं की चूक डब्याची आहे. शेवटी तो म्हणाला की काळजी नको करू, पत्रा कापून देऊ. मी नको म्हणेपर्यंत त्याने खालच्या क्वार्टरमधून करवत आणली होती. पत्रा कापण्याचा आवाज किती दूर जातो हे तुम्हाला सांगतो: मिसेस भल्ला ब्लडप्रेशरचा राग विसरून बघायला आल्या. डब्याला खिडकी पडली आणि कार्डाचं टोक तिच्यातून बाहेर आलं, बसमधून प्रवाशाने कोपर काढावं तसं. झाकण अर्थात लागत नाही. ते आता पोळपाटाखाली आहे.

प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावर लावायची पेस्ट सिरिंजमध्ये येते. श्रीरंगने ती अशी दाबली की अर्धी टेबलावर गेली. आई हे दारातून बघत होती. ती आत आली, त्याच्या हातातून सिरिंज काढून घेतली, हवा काढली आणि मधोमध वाटाण्याएवढा ठिपका सोडला. मग त्याला म्हणाली की बेटा, हात कापतो तर दुसऱ्याच्या शिरेला हात लावू नये. श्रीरंग पुढचा बराच वेळ चहा पीत होता.

सगळं जोडलं, डबा चालू केला. सुरू मात्र पटकन झाला, ते नव्या डिस्कमुळे. आई बसली, घाट लागला, धुकं आलं, पहिल्याच वळणावर चित्र अडकलं. बस दरीत. अगदी पूर्वीसारखी. समताने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर ते जास्त वाईट असतं हे तुम्ही समजू शकता. श्रीरंग हळूच म्हणाला की कार्ड खराब निघालं. मी पानिपतच्या सज्जन गृहस्थांना फोन लावायला उठलो. काय बोलणार होतो ते आता लिहायला लाज वाटते.

आई मात्र डब्याच्या मागे वाकून बघत होती. पडद्याची वायर तिने बोटाने धरली आणि टोकापर्यंत नेली. मग म्हणाली, 'धम्मदीप, सलाईन चालू आहे, पण सुई दुसऱ्याच पेशंटच्या हातात आहे.' पडद्याची वायर जुन्याच भोकात होती, मामा. नवं कार्ड शेजारी रिकामं बसून होतं, त्याला काम कोणी दिलंच नव्हतं. मी वायर काढून कार्डात लावली. तोवर पानिपतचा फोन लागला होता. तिकडून ते विचारत होते की ब्लँकेट कसं वाटलं. मी बिल्कुल बढिया म्हणालो आणि फोन ठेवला.

मग आई पुन्हा बसली. आम्ही सगळे तिच्या मागे, मी, समता, श्रीरंग, आणि मिसेस भल्लासुद्धा. धुकं आलं, झाडी आली, आणि चित्र पाण्यासारखं सरकत राहिलं. आई वळणं घेत होती. ओठ घट्ट. समोरून ट्रक आला तेव्हा मिसेस भल्लांनी माझा दंड धरला. शेवटच्या वळणानंतर धुकं विरळ झालं आणि वरचा स्टॉप दिसला. आईने बस कडेला लावली, दार उघडलं, सगळी माणसं उतरेपर्यंत थांबली. मग इंजिन बंद करून बराच वेळ त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती रडेल, मी खांद्यावर हात ठेवायला पुढे झालो. तर म्हणाली, 'एवढं काही अवघड नाही. तुझ्या बाबांनी जन्मभर उगाच माझ्याकडून पाय दाबून घेतले.' आणि हसली. मामा, बाबा गेल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

तेव्हा चित्त ठिकाणावर नाही वगैरे मनातून काढून टाकावं. आई इथे खुशीत आहे. दिवसभर घरात, खुर्चीवर, पंख्याखाली. ना रस्ता, ना धूळ, ना कसला धोका. तिला नागपूरला पाठवण्याची मला तरी गरज दिसत नाही, आणि तिलाही आता कुठे जायची इच्छा दिसत नाही. मामींना नमस्कार. उत्तर लिहूनच पाठवावं, फोन नको.

आपला भाचा,
धम्मदीप

ता. क. एक छोटंसं काम होतं. मानस सुट्टीत घरी येतोय आणि डब्याचा पत्रा कापलेला त्याला अजून माहीत नाही. त्या डब्यावर त्याचा फार जीव आहे. तो तुमचं ऐकतो. तो यायच्या आत तुम्ही त्याला फोन करून, सहज बोलल्यासारखं, सांगाल का की हल्ली कॉम्प्युटरला बाहेरची हवा लागणं फार चांगलं असतं? खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो.

ता. क. दुसरा (माझ्या हातचा)

दादा, धम्मदीपने पत्र टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं, म्हणून वाचलं. चांगलं लिहिलंय, पण त्याला सगळं माहीत नाही. कॉम्प्युटरवरच्या बसला क्लच नाही, आणि क्लच नसलेल्या गाडीला मी गाडी म्हणत नाही. ही दोघं ऑफिसला गेली की मी रोज सकाळी मोटार ड्रायव्हिंगच्या क्लासला जाते. शिकाऊ लायसन्स आलंय. शिकवणारे सर भित्रे आहेत, पण आता जरा सुधारलेत. परवा चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलली, बंद पडली नाही. सर स्वतःहून शाबासकी द्यायला लागले, मी म्हटलं आधी हँडब्रेकवरचा हात काढा.

वहिनी म्हणत होत्या की डोळ्याच्या ऑपरेशननंतर तू गाडी चालवणं सोडलंस आणि आता ती विकायला काढली आहेस. विकू नकोस. पक्कं लायसन्स हातात आलं की मी येते. धम्मदीपला इतक्यात कळवू नकोस, तो त्या श्रीरंगला विचारत बसेल. कुठे जायचं ते आल्यावर ठरवू. तू पुढे बस, वहिनींना मागची सीट दे, गुडघा लांब करता येईल. चाकांत तेवढी हवा भरून ठेव.

तुझी लीला