नव्या तक्त्यातलं नाव

अमरावती, गुरुवार

प्रिय आई,

आमच्या कंपनीच्या सर्वेक्षणात तुझ्या ओळीत आलेलं नाव चुकीचं नाही, हे आज दुपारी बंडूनं सांगितलं. आपल्या भागात घरोघरी फिरून माहिती त्यानंच गोळा केली होती. तुला फोनवर विचारता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि बाबांपासून शेजारच्या दुर्गाकाकूंपर्यंत सगळे ऐकतात. म्हणून ही चिठ्ठी बंडूच्याच हाती पाठवते आहे.

आधी माझं काम सांगते, म्हणजे भानगड कळेल. आमच्या फूल-भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या कंपनीत सभासदांचा एक जुना तक्ता संगणकावर आहे. यंदा गोळा झालेल्या माहितीचा दुसरा, नवा तक्ता झाला. दोन्हींत सभासद क्रमांक तेवढा सारखा. तो जुळवायचा आणि नव्यातलं नाव, फोन, गाव जुन्यात बसवायचं. संगणकाला एकदा सांगितलं की तो सगळ्या ओळी एका दमात बदलतो. नव्या तक्त्यात जे सापडलेच नाहीत त्यांना हात लावू नकोस, हे मात्र बजावावं लागतं. नाहीतर त्यांचं आहे तेही पुसून जागा कोरी करून ठेवतो. म्हणून मी बदलण्याआधी जुनं आणि नवं शेजारी मांडून फरक बघते. बहुतेक किरकोळ असतात. पार्बताबाईची पार्वताबाई झालेली असते, कुणाचं सिम बदललेलं असतं. तुझ्या क्रमांकासमोर जुन्यात होतं साधना किशोर, आणि नव्यात रुख्मिणी किशोर.

मला वाटलं ओळ घसरली, खालच्या बाईचं नाव वर आलं. पण फोन तुझा, झेंडूचं शेत आपलं. आमचे साहेब केशवराव पडद्याकडे बघून म्हणाले, "तुया मायनं गंमत केली असंल पोरी, जुनंच राहू दे." मी बंडूला गाठलं. तो म्हणाला, "मी काकूले म्हटलं, सगळे तं तुमाले साधना म्हणतेत. तं म्हणे, त्यायले म्हणू दे, तू रुख्मिणी लिही. मंग मी काय भांडू?"

अकोटचा मामा तुला रुख्मा म्हणतो, ते मी लाडाचं नाव समजत होते. लग्नात तांदळात बोट फिरवून नवरीचं नवं नाव लिहितात, हे काय मला माहीत नव्हतं? पण तुझ्या बाबतीत ते कधी मनातच आलं नाही. आता प्रश्न संपत नाहीत. साधना कुणी निवडलं, आजीनं की बाबांनी? सुरुवातीला साधना म्हणून हाक आली की तू वळायचीस, की दुसऱ्या कुणाला बोलावताहेत समजून भाजी निवडत बसायचीस? आणि बाबांनी एकदा तरी, घरात कुणी नसताना, रुख्मिणी म्हटलं का?

बँकेतलं नाव वेगळ्या रकान्यात आहे, त्याला धक्का नाही. हे नाव मात्र तुझ्या ओळखपत्रावर छापलं जाईल आणि फुलांच्या प्रत्येक क्रेटवर चिकटेल. क्रेट गाडीत बाबा चढवतात. त्यांना दिसेल, मग अकोल्याच्या बाजाराला दिसेल. बंडू म्हणतो, हे त्यानं तुला सांगितलं होतं आणि तू "दिसू दे" म्हणालीस.

मी तारखा ताडून पाहिल्या. बंडू आपल्याकडे आला तो माझ्या लग्नासाठी श्यामच्या घरची जठारपेठची मंडळी बैठकीला आली होती, त्यानंतरचा आठवडा. श्यामच्या आई म्हणाल्या होत्या, लग्नात मुलीचं नाव आम्ही शर्वरी ठेवतो. बाबा म्हणाले, "तुमची सून, तुमी ठरवा," आणि तू चहा ठेवायला आत गेलीस. तेव्हा मला तुझा राग आला होता. श्यामला विचारलं तर म्हणतो, आईशी तूच बोल. बोलणार आहे. शनिवारच्या एसटीनं येते. रविवारी श्यामच्या आई लग्नपत्रिकेचा मजकूर ठरवायला येतील, तेव्हा मी सांगीन की मी प्रणालीच राहणार. बाबा तुझ्याकडे बघतील. चहाचं मी बघते, तू बाहेरच बस. तुझी ओळ मी वगळलेली नाही. तू नको म्हणाली नाहीस तर सोमवारी सकाळी तक्ता बदलेल, आणि मंगळवारी बाबा जे क्रेट गाडीत चढवतील त्यांवर रुख्मिणी किशोर असेल.

तुझीच,
प्रणाली