एरंडेलाच्या डब्यांची गुप्त चौकशी

आरोंदा, ता. २८ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप दाजीमामांच्या पायांशी भाचा गुरुदास याचा दंडवत. इकडे सर्वांची तब्येत ठणठणीत आहे. (बाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण जेवतात दोन्ही वेळ.) तुमचा खोकला आता कसा आहे? मामींना सोलं पाठवली आहेत, वाळवून घ्यावीत.

मामा, मी इथे काजूच्या कारखान्यात हजेरी कारकून आणि आपल्या जानकीताईचे यजमान सत्यवान भावोजी तिथेच मुकादम, हे तुम्ही जाणताच. काजूच्या टरफलाचा चीक लागून बायकांच्या हातांची सालं निघतात, म्हणून मालक दर महिन्याला एरंडेलाचे डबे पाठवतात. चार महिने बायकांना थेंब मिळाला नाही. बिचाऱ्या नर्मदेला भाताचा घास उचलवेना. आणि त्याच चार महिन्यांत गावात न कुरकुरणारी बैलगाडी एकच उरली होती, ती आपल्या बाबांची! (जावयाने सासऱ्याला दिलेली भेट. बाबांना वाटलं, तेल विकतचं आहे.)

पंधरा दिवसांपूर्वी मुंबईहून मालकांनी धाडलेले चौकशीचे साहेब आले. कोठारात एकेकाला बोलावू लागले. मला म्हणाले, "तुमचं नाव मी होऊन कुणाला सांगणार नाही. मात्र मालकांना अहवाल द्यावा लागेल, तेव्हा अगदी कुणालाच कळणार नाही असं वचन देत नाही. आणि तुम्हीही बाहेर बोलायचं नाही." माणूस सरळ वाटला. एकीकडे बहिणीचा संसार, दुसरीकडे नर्मदेचे हात. अखेर मी मन घट्ट केलं आणि अगदी हळू म्हणालो, "डबे सत्यवान मुकादमांनी नेले."

साहेब म्हणाले, "काय?"

मी पुन्हा सांगितलं. साहेबांनी कानामागे हात धरला. (डावा कान पुरता गेलेला, उजवा लहर लागेल तसा, हे मागाहून कळलं.) "जरा मोठ्याने!" तिसऱ्या खेपेला माझाही तोल गेला आणि मी गाबतांनी होडीवरून हाळी घालावी तसा ओरडलो, "डबे माझ्या भावोजींनी नेले! आमच्या गाडीच्या आसाला घातले!"

कोठार आणि काजू फोडायची खोली यांच्यामध्ये नुसता माडाच्या झापांचा आडोसा. पलीकडे चाळीस बायकांची ठकठक चालू होती, ती एकदम थांबली. भावोजीही तिथेच उभे. मला वाटलं, आता खाडीत उडी घ्यावी. तोच झाप बाजूला सारून म्हातारी आनंदीबाई आत शिरली. दोन्ही तळवे साहेबांच्या नाकापुढे धरून म्हणाली, "सायबानू, ह्या एकट्याचाच नाव कित्याक? माझाय लिवा!" तिच्यामागून नर्मदा, मग सुगंधा, मग सगळ्याच. जी ती साहेबांच्या उजव्या कानात ओरडत होती. साहेब लिहिता लिहिता हसू लागले.

भावोजींची मुकादमी शाबूत राहिली. पण आता रोज सकाळी भांडं घेऊन त्यांनी स्वतः प्रत्येकीच्या तळहातावर तेल घालायचं, असा मालकांचा हुकूम आला. आनंदीबाई हात मागे घेतच नाही. "घाल रे अजून, जावयबापू!" म्हणते, आणि सगळी खोली खिदळते. काल तर भावोजीही हसले. नर्मदेचे हात भरून येत आहेत. मला फार बरं वाटतं आहे, मामा.

मामींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
गुरुदास

ता. क. बाबांना चार ओळी लिहा. "गावासमोर माका चोर केलंस," एवढंच त्यांनी म्हटलं आणि तोंड फिरवलं. तुमचं ते ऐकतात.

आणखी ता. क. खरं काम हे आहे. गणेशचवथीला आला होतात तेव्हा मुंबईत टपालपेटीत टाकायला म्हणून जानकीताईने तुमच्याजवळ एक बंद पाकीट दिलं होतं ना, ते मालकांना होतं. नवऱ्याची तक्रार तिनेच केली! तेव्हा भावोजींनी तुम्हाला काही विचारलं, तर तुम्हाला काहीच ठाऊक नाही. कुणालाही सांगणार नाही अशी तिने मला रवळनाथाची शपथ घातली आहे आणि मी ती कसोशीने पाळतो आहे.