मोन्सेरातची ओटी

अल नहदा, शारजा
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. कुंदावहिनींस,

सगुणाचा वाकून नमस्कार. नमस्कार मनापासून आहे. पुढचं वाचून रागावलात तरी तेवढा ठेवून घ्या.

इकडे सगळं ठीक. हवा आता कुठे माणसांत आलीय, संध्याकाळी गॅलरीत बसता येतं. तनयाला सातवा लागला. पाय सुजतात, पण दुबई मरीनाच्या ऑफिसात जायचं थांबवत नाही. जावईबापू रोज ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवून तिला नेतात-आणतात आणि तिकडून आले की सोफ्यावर आडवे होतात. भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुमचं १९ तारखेचं तिकीट प्रिंट काढून ठेवा, मोबाइलवर विसंबू नका. शाल आणा. बाहेर उकडतं आणि आत एसीने दात वाजतात, असं आमचं गाव आहे.

हे पत्र सावर्ड्याच्या रामेश्वरच्या हाती देतेय. तो इथल्या साइटवर शटरिंगचं काम करतो, बुधवारी सुट्टीवर निघतोय. खजुराचा डबाही त्याच्याचकडे आहे, फोडून बघितलाय का ते तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर पाच मिनिटांत पोचलं असतं, पण मग ते फॅमिली ग्रुपवरही पाच मिनिटांत पोचलं असतं. आणि फोनवर मला तुमच्यापुढे बोलता येत नाही. एकतीस वर्षांत आलं नाही. परवाचंच बघा ना.

परवा तुम्ही म्हणालात, "सगुणा, त्या ननची ओटी भरलीस म्हणे! बाटलीस की काय? उल्हासभावजींना जाऊन दोन वर्षं होतायत, तुला हे सुचतं तरी कसं? आणि ऐक, तनयाच्या ओटीला पाच सवाष्णी बघून ठेव. पहिली मी भरीन. तू आपली स्वयंपाकाकडे बघ." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बरं."

फोन ठेवल्यापासून ते "बरं" मला सलतंय. म्हणून हे पत्र.

आधी फोटोचं सांगते. तो मैमुनाबीने काढला आणि तिनेच स्टेटसला लावला. मैमुनाबी म्हणजे समोरच्या फ्लॅटमधली, दापोलीची. उल्हास गेले त्या दिवशी फुजैराहून त्यांचा देह आणेपर्यंत माझ्या घरातला गॅस जिने बंद केला, दूध जिने फ्रिजमध्ये ठेवलं, ती. स्टेटसवरून फोटो तुमच्या नातवाकडे, आरवकडे गेला, आरवकडून तुमच्याकडे. आणि चिपळूणला पोचेपर्यंत काळ्या कपड्यातल्या एका साध्या म्हातारीची नन झाली. वहिनी, ती नन नाही. ती कोण, ते सांगतेच.

स्पेनला जायचं मैमुनाबीच्या डोक्यात होतं. कोर्दोबाची जुनी मशीद बघायची असं तिने लग्नाआधीपासून ठरवलं होतं. नवरा म्हणाला, मला इतकं चालवत नाही, तू जा. मग ती माझ्या मागे लागली. "चल गे, इथे बसून त्यांच्या फोटोवरची धूळ किती दिवस पुसणार?" मी चिडले. मग पासपोर्ट शोधला.

आठ दिवसांचा ग्रुप होता. आमची गाइड यम्ना, मूळची मोरोक्कोची, हातात पिवळी छत्री धरून पुढे चालायची आणि आम्ही चौदा जण मागे. तोलेदो म्हणून डोंगरावरचं गाव आहे, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाडी आली तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. तिथे एक वास्तू बघितली. बांधली यहुद्यांनी प्रार्थनेला, कमानी मशिदीसारख्या, आणि नाव मेरीचं. यम्ना सांगत होती की इथे आधी कोण होतं, मग कोणी कोणाला बाहेर काढलं. मी विचारलं, "आता कोणाचं आहे?" ती म्हणाली, "आता तिकिटवाल्यांचं." आम्ही दोघी खूप हसलो.

कोर्दोबाला मात्र हसू आलं नाही. लाल-पांढऱ्या कमानींचं ते केवढं मोठं रान, खांबामागे खांब, आणि चालता चालता मधेच एकदम आख्खं चर्च. नमाज पढायला मनाई आहे, हे यम्नाने आधीच सांगून ठेवलं होतं. मैमुनाबी एका खांबापाशी हात बांधून पाच मिनिटं नुसती उभी राहिली. रखवालदार बघत होता. मला वाटलं, आता काही तरी होणार. ती आली आणि म्हणाली, "खलास. मनात पढले. मनावर कोण गार्ड बसवणार?"

त्या रात्री हॉटेलात मी बॅग उघडली आणि तिला नारळ दाखवला.

हो वहिनी, नारळ. शारजाहून नेला होता, साडीत गुंडाळून. सोबत बर दुबईच्या मीना बाजारातून घेतलेला खण आणि मूठभर तांदूळ. ट्रिपच्या कागदात मोन्सेरातच्या देवीचा, म्हणजे मेरीमातेचा, फोटो होता. काळीसावळी, बसलेली, मांडीवर मूल. फोटो बघितला त्याच दिवशी मी खण घेऊन आले. कोणाला सांगितलं नाही. तनयालाही नाही.

तुम्हाला आठवतंय, गेल्या वर्षी आपण कुलदेवीला गेलो होतो? तुम्ही ओटी भरलीत, तुमच्या धाकट्या सुनेने भरली, आणि मी बाहेर चपला सांभाळत उभी होते. मला कोणी थांब म्हटलं नव्हतं. मीच थांबले. आपल्याला सवयच असते ना, कोणी सांगायच्या आधी मागे सरकायची. एकोणतीस वर्षं मी त्याच देवीची ओटी भरली होती. उल्हास गेले म्हणून तिला माझा नारळ नकोसा झाला, हे मला देवीने तरी कधी सांगितलं नाही.

मोन्सेरात बार्सेलोनाहून दीड तासावर आहे. दात्यांच्या रुळावरून छोटी रेल्वे डोंगर चढते. वर देऊळ म्हणजे मोठं चर्च, पण रांग बघितली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. म्हातारी माणसं, कडेवर पोरं, जिन्यावर दमून बसलेल्या बाया. आधी तिकीट काढूनही अर्धा तास उभे होतो. मी हिरवी साडी नेसले होते, वर जॅकेट, पायात स्पोर्ट शूज. हसा हवं तर. पण हिरवी साडी मी दोन वर्षांनी नेसले होते.

देवी काचेच्या आड आहे. फक्त तिचा उजवा हात बाहेर काढलाय, त्यात एक गोळा, त्याला हात लावून पुढे जायचं. मी हात लावला. लाकूड गुळगुळीत झालंय, किती लोकांनी लावला असेल. आणि मग मी पिशवीतून नारळ काढला.

तिथला माणूस धावतच आला. "नो, नो, सेन्योरा!" तो बिचारा नारळ बघून घाबरला, मी त्याला बघून घाबरले. यम्नाने समजावलं, पण नियम म्हणजे नियम, तिथे काही ठेवायचं नाही. मी नारळ, खण, तांदूळ परत पिशवीत कोंबले आणि बाहेर आले. डोळे भरून आले होते. मनात पहिला विचार काय आला सांगू? तुमची रीत बरोबर होती, हाच आला. आपण ओटी भरायला गेलो की असंच व्हायचं, तिकडेही आणि इकडेही.

बाहेर भिंतीच्या कडेने रंगीत काचांमधे शेकडो मेणबत्त्या जळत असतात. तिथे मी उभी होते, तर रांगेत माझ्या मागे असलेली ती म्हातारी आली. काळा स्कर्ट, काळी शाल. तिने यम्नाला विचारलं, ही बाई देवीला काय देत होती? यम्नाने मला विचारलं. मी सांगितलं, जिच्या मांडीवर मूल आहे तिला हे द्यायचं आणि आपली लेक सुखरूप बाळंत होऊ दे, असं मागायचं. म्हातारीने मान डोलावली. मग विचारलं, मग ही चोरी पकडल्यासारखी का दिसतेय?

मी म्हणाले, माझा नवरा वारलाय. आमच्यात मग हे करत नाहीत.

म्हातारीने डावा हात पुढे केला. एकाच बोटात दोन अंगठ्या, एक तिची, एक तिच्या नवऱ्याची. तो गेल्यावर तिने ती आपल्या बोटात घातली होती. मग चर्चकडे बोट दाखवून काही तरी म्हणाली. यम्नाने सांगितलं, "ती म्हणते, आमची ही आईसुद्धा विधवा झाली होती. तिला कोणी आत बसवलं नाही. वर बसवलंय."

वहिनी, मी तिथेच त्या बाईची ओटी भरली. पदर कसा धरायचा ते माझ्या साडीवर दाखवलं, तिने शाल दोन्ही हातांनी पुढे धरली. नारळ, खण, तांदूळ. कुंकवाची डबी पर्समध्ये होती, दोन वर्षं बंद. तिच्या कपाळाला लावलं. तिला वाटलं असणार की असंच असतं, तिने बोट डबीत बुडवलं आणि माझ्याही कपाळाला लावलं. जरा वाकडंच लागलं. फोटो मोठा करून बघा, दिसेल. मी ते पुसलं नाही. बार्सेलोनाला हॉटेलात येईपर्यंत पुसलं नाही. विधवेने विधवेची ओटी भरली आणि डोंगर काही कोसळला नाही.

एवढं लिहून थांबणार होते. पण खरं सांगायचं ते अजून लिहिलंच नाही.

पंचाण्णव सालचा जानेवारी. चिपळूणच्या घरात माझी ओटी होती, तनयाच्या वेळची. माझी आई देवरुखहून एसटीने आली होती. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ही गोष्ट मी इतकी वर्षं सगळ्यांना अशी सांगत आलेय की सासरच्या लोकांनी माझ्या आईला आत बसवलं. मैमुनाबीलाही तशीच सांगितली. उल्हासनाही. त्यावरून ते तुमच्याशी वर्षभर नीट बोलत नव्हते, आठवतंय? तुम्ही तेव्हाही खुलासा केला नाहीत.

तुम्ही आईला आत पाठवलं नाहीत, वहिनी. मी पाठवलं. ती पिशवी घेऊन दारात उभी होती, माझ्याकडे बघत होती, मी बोलावीन म्हणून. आणि मीच जवळ जाऊन म्हणाले, "आई, तू आत बस ना, उगीच कोणी काही बोलेल." कोणी बोललं नव्हतं. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. पहिलं ताट तुम्ही तिला आत नेऊन दिलंत, पुरुषांच्या पंगतीच्याही आधी. तेही मी कोणाला सांगितलं नाही. त्याबद्दल माफी मागते. फक्त त्याचबद्दल.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक खण सापडला. हिरवा, बारीक काठाचा, त्रिकोणी घडी न मोडलेली. आत हळद लावलेले तांदूळ होते, त्यांचं पीठ झालेलं. त्या दिवशी पिशवीत तेच होतं. चौदा वर्षं तिने ते जपलं आणि मला एका शब्दाने बोलली नाही.

तर आता नीट वाचा. तेवीस तारखेला, माझ्या घरी, तनयाची पहिली ओटी मी भरणार. आईच्या त्या खणाने. तनयाला परवा सगळं सांगितलं, आजीचंही. ती पोटावर हात ठेवून रडली आणि मग म्हणाली, "मम्मा, यू आर गोइंग फर्स्ट. एंड ऑफ डिस्कशन." तुम्हाला पोरीची भाषा कळते.

दुसरी ओटी तुमची. तो मान तुमचाच, आणि तुमच्या हातची मला हवीच आहे. तिसरी मैमुनाबी भरेल, तिने खण पसंत करून ठेवलाय. त्यापुढे जी येईल ती भरेल, दारात कोणाचं कपाळ तपासणार नाही. भाऊजींनी निमंत्रणाचा मजकूर पाठवला होता त्यात माझ्या नावाआधी "गं. भा." होतं, ते मी खोडलंय. आणि फोनवरचं ते "बरं" मी परत घेतेय.

यावर तुम्ही तिकीट रद्द कराल असं जावईबापूंना वाटतं. मला वाटत नाही. ज्या बाईने माझी बदनामी तीस वर्षं स्वतःच्या अंगावर घेतली ती विमान सोडणार नाही. पण आल्यावरही तुम्हाला ते बघवलं नाही, तर माझी आतली खोली मोकळी आहे. एसी लावून ठेवीन. पहिलं ताट मी स्वतः आणून देईन, तुम्ही माझ्या आईला दिलंत तसं. पण दार लावणार नाही, आणि बाहेरून तुम्हाला हाक मारायची थांबणार नाही. मी तिला एक हाक मारली असती तर ती बाहेर आली असती.

तुमचीच धाकटी जाऊ,
आणि तनयाची आई,
सगुणा